दहा नंबरची डबी

"चोरी झालीय," संजय मोहित्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "आणि पोलिसांकडे गेलो तर ते हसतील."

"मग आमच्याकडे आलात ते बरं केलंत," श्यामला आगाशे म्हणाल्या. "आम्ही शुक्रवारी हसत नाही."

बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानावर दोन खोल्यांत श्यामलाबाईंचं तपास कार्यालय होतं. वैजनाथराव त्यांचे एकमेव सहकारी. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या या गृहस्थांना जगातल्या सगळ्या नद्या पाठ होत्या, पण समोरच्या माणसाच्या मनात काय वाहतंय ते त्यांना कधी कळलं नाही.

मोहिते विद्यापीठाच्या मुलींच्या रग्बी संघाचे प्रशिक्षक होते. नव्या हंगामाचा पहिला सामना दुसऱ्याच दिवशी होता, आणि तो बघायला राज्य संघाची निवड समिती येणार होती.

"आमची कर्णधार अपूर्वा. शेवटचं वर्ष आहे तिचं. उद्या समितीने तिला पाहिलं नाही, तर राज्याच्या शिबिराची संधी कायमची गेली. आणि काल तिचं माउथगार्ड चोरीला गेलं."

"म्हणजे?" वैजनाथरावांनी विचारलं.

"दातांचं कवच हो. ते तोंडात नसेल तर आमच्या स्पर्धेत मैदानावर पाऊल टाकू देत नाहीत."

"मग दुसरं घ्या की दुकानातून."

"अपूर्वाचा पुढचा दात अर्धा तुटलाय. तिला बाजारातलं बसत नाही. दंतवैद्य नवं करून देईल, पण चार दिवस लागतील."

श्यामलाबाईंनी पर्स उचलली. "चला. मैदान दाखवा."

रग्बी म्हणजे अंड्यासारख्या चेंडूसाठी केलेली मारामारी, असं वैजनाथरावांचं आजवरचं मत होतं. मैदानावर पोचताच ते डळमळलं. सोळा मुली डोकी खाली घालून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकींना रेटत होत्या. एकीचा पाय घसरला तर शेजारच्या दोघी तिला तोलून धरत होत्या, आणि तरी रेटा कमी होत नव्हता. वैजनाथरावांच्या अंगावर काटा आला. अशी एकजूट त्यांनी शिक्षकांच्या खोलीत कधी पाहिली नव्हती.

सामानाच्या खोलीत भिंतीवर पंधरा डब्या ओळीने टांगल्या होत्या. त्यांच्यावर नावं नव्हती, फक्त आकडे होते. दहा नंबरची डबी रिकामी होती.

"रग्बीत नंबर माणसाचा नसतो, जागेचा असतो," मोहिते म्हणाले. "अपूर्वा गेल्या वर्षी बारावर खेळायची. सोमवारी मी हंगामाची यादी वाचली आणि तिला दहावर आणलं. यादी मोबाईलवर टाकायची नाही, मैदानात उभं राहून तोंडाने वाचायची, ही आमच्या संघाची जुनी रीत आहे."

"आणि त्याच संध्याकाळी मी सगळ्यांची गार्डं नव्या नंबरांत बसवली," सामान सांभाळणारे सीताराम म्हणाले. "बुधवारी रात्री कुलूप लावलं तेव्हा सगळी जागेवर होती. काल दुपारी मी जेवायला गेलो, खोली उघडी होती. संध्याकाळी बघतो तर दहा रिकामी. वर बारा नंबरची पोरगी माझ्याशी भांडली, तिचं गार्ड म्हणे डबीत उलटं ठेवलं होतं. अहो, बावीस वर्षांत मी एकही वस्तू उलटी ठेवलेली नाही!"

"ते तुमच्या रेषेत कातरलेल्या मिशीवरूनच दिसतंय," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि बारा नंबरची डबी उघडून बराच वेळ बघत राहिल्या.

वैजनाथरावांना वाटलं, बाईंची नजर चुकतेय. चोरी दहाची झाली होती.

बाहेर झाडाखाली चौकशी सुरू झाली. पहिली आली स्वराली. गेल्या वर्षीचा दहा नंबर तिचा होता. आता ती राखीव होती.

"राग आला होता तुला?"

"आला म्हणजे? यादी ऐकली आणि मी बूट फेकला. सगळ्यांनी पाहिलंय." स्वराली ताठ उभी होती. "पण मॅडम, चोरी करूनच दहा घालायचा असता, तर तीन वर्षं पहाटे साडेपाचला उठून किका कशाला मारल्या असत्या?"

वैजनाथरावांना मुलगी फार आवडली, त्यामुळे संशयही तिचाच आला.

मग अपूर्वा. उंच, सडपातळ. झाडाच्या दाट सावलीतही तिने काळा चष्मा काढला नव्हता. नवी फॅशन, वैजनाथराव मनाशी म्हणाले.

"चहा घेणार का तुम्ही?" तिने अगत्याने विचारलं. "नको," असं श्यामलाबाईंनी म्हटल्यावर ती चोरीबद्दल बोलली, कोणावरच संशय नाही म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "चहा घेणार का तुम्ही?"

मुलीवर संस्कार चांगले आहेत, अशी वैजनाथरावांनी नोंद केली.

शेवटी रुपाली आली. वसतिगृहात ती अपूर्वाच्याच खोलीत राहायची. ठेंगणी, भक्कम, मूळची वर्ध्याकडची.

"मी तं तीन-चार दिवस नव्हतीच जी. मावसबहिणीचं लगन होतं आर्वीले. रविवारचा सराव सामना झाला अन् गाडीत बसली, ते बुधवारी रात्री आली."

"तुझा नंबर?"

"तीन. तीन वर्सं झाले, माहा नंबर बदलतच नाही. रेटायले मीच लागतो त्याइले."

"रविवारी अपूर्वाला काही लागलं होतं का?"

रुपालीने बुटाची नाडी सोडून परत बांधली. "मले काही माहीत नाही," ती म्हणाली.

श्यामलाबाईंनी सगळ्यांना सामानाच्या खोलीत बोलावलं.

"चोराने दोन डब्या हाताळल्या," त्या म्हणाल्या. "आधी बारा, मग दहा. बारातलं गार्ड त्याने काढलं, आपल्याला हवं ते हे नाही असं ओळखलं, आणि घाईत उलटं परत ठेवलं. आता बारात आधी हात का घातला? कारण त्याच्या लेखी अपूर्वा अजून बारा नंबरवर होती."

"मग बाहेरचाच कोणीतरी!" वैजनाथराव म्हणाले.

"बाहेरचा माणूस बारातलं घेऊन चालता झाला असता, वैजनाथराव. कोणाचा दात तुटलाय हे त्याला गार्ड बघून कळलं नसतं. म्हणजे चोर अपूर्वाच्या जवळचा हवा, पण सोमवारी मैदानावर नसलेला हवा. सीतारामांनी तर गार्डं स्वतः हलवली. आणि स्वराली बारा उघडेल? ज्या नंबरासाठी बूट फेकला, तो कोणाला मिळाला हे ती विसरेल?"

सगळ्यांच्या माना वळल्या. रुपालीने खिशातून गार्ड काढून बाकावर ठेवलं.

"सर, संघातून काहाडायचं तं काहाडा," ती म्हणाली. "पण हे मी आज देणार नव्हती."

"रुपाली, तू?" मोहित्यांनी विचारलं. "का पण?"

"ते मी सांगते," श्यामलाबाई म्हणाल्या. "कारण तिच्या तोंडाला कुलूप आहे. अपूर्वा, तू मला पाच मिनिटांत दोनदा चहा विचारलास, आणि पहिल्यांदा विचारलेलं तुला आठवत नव्हतं. सावलीतसुद्धा तुझ्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. रविवारी तुझ्या डोक्याला मार लागलाय, आणि तो तू लपवलास. सरांना कळलं असतं तर नियमाप्रमाणे तीन आठवडे बाहेर बसावं लागलं असतं. बुधवारी रात्री रुपाली परत आली आणि तिने तुला पाहिलं."

"अंधारात पडून होती, उलट्या करत होती," रुपाली म्हणाली. "मले आईची शपथ घातली, सरले सांगू नको म्हणून. म्या सांगतलं नाही. पण खेळूही कशी देऊ?"

डोकं सावरायच्या आत दुसरा मार बसला तर माणसाचा मैदानावरच जीव जाऊ शकतो, हे मोहित्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. "उद्या तू खेळणार नाहीस, अपूर्वा," ते हळू आवाजात म्हणाले.

वैजनाथराव रुपालीकडे बघत राहिले. या मुलीने शपथही पाळली होती, मैत्रिणीचा जीवही वाचवला होता आणि चोर म्हणून उभं राहायची तयारीही ठेवली होती. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो मुलं शिकवली, पण एवढं धैर्य आपण कोणाला शिकवलं असेल असं त्यांना वाटेना.

अपूर्वा रुपालीकडे वळली. "समिती उद्याच येतेय, रुपे. परत नाही यायची. मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही."

"नको बोलू," रुपाली म्हणाली. "पण न बोलाले तरी जिती राह्य ना व."

मग अपूर्वाने दंडावरची कर्णधाराची पट्टी काढली आणि स्वरालीच्या हातात ठेवली. "नदीकडच्या बाजूने किक मारशील तेव्हा वारा बघ," ती म्हणाली. "चारनंतर तो फिरतो."

स्वरालीने पट्टी दंडावर बांधली.

अपूर्वा दाराकडे निघाली. उंबऱ्याशी थांबली, आणि मागे न बघता म्हणाली, "रुपे, डॉक्टरकडे चल ना. मला एकटीला भीती वाटतेय."