पंख्याचं कार्ड, बिनपंख्याचं कार्ड

जिनिंग गिरणीच्या फाट्यावर ज्योत्स्नाने ऑटोला हात केला. तिच्या कडेवर जुन्या ओढणीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा होता. आत आधीच एक तरुण बसला होता, मांडीवर दोन चपटी खोकी घेऊन. तो जरा सरकला, तिने डबा मांडीवर घेतला, ऑटो निघाला.

"दवाखान्यात चालल्या का?" त्याने हळूच विचारलं.

"अं?"

"नाई... एवढं जपून धरून राह्यल्या, म्हून म्हटलं. ताप आहे का बाळाले?"

तिला हसू आलं, ते तिने ओढणीच्या टोकात लपवलं. "ताप नाई. फिरवलं का अडकते."

"काय फिरवता?"

"मंगल कार्यालय."

आता गोंधळायची पाळी त्याची होती. आणि बाजारात ती ज्या दुकानासमोर उतरली, तिथेच तो उतरला. दुकानाच्या अर्ध्या भागात त्याच्या वडिलांचं कापड, अर्ध्यात त्याचे कॉम्प्युटर. नाव भूपेंद्र.

ज्योत्स्ना अल्लीपूरची. रोज बसने हिंगणघाटला यायची, निकेश सरांच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. आता एका ट्रस्टचं मंगल कार्यालय हाती होतं. पुढच्या शनिवारी विश्वस्त येणार, आणि न बांधलेलं कार्यालय त्यांना पडद्यावर आतून फिरवून दाखवायचं होतं. ते पटलं तर निकेश सर तिला कायम ठेवणार होते. नाहीतर तिच्या बाबांनी, किसनरावांनी, सांगूनच ठेवलं होतं — संक्रांतीपर्यंत नोकरी, मग घरी. स्थळं बघायची.

"ग्राफिक कार्ड थकलं आहे तुमचं," भूपेंद्रने डबा उघडून सांगितलं. "आजच नागपूरहून दोन आणले. दोन्ही लावून पाहू."

एक कार्ड मोठं, लाल, वर गरगरणारा पंखा. दुसरं लहानसं, त्याला पंखाच नव्हता, नुसत्या उष्णता सोडणाऱ्या जाड पट्ट्या. भूपेंद्रने गाड्यांच्या शर्यतीचा खेळ सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसत होता — एका सेकंदात कार्ड किती चित्रं काढतं त्याचा. मोठ्याचा बासष्ट, लहान्याचा चाळीस.

"झालं," तो म्हणाला.

"माह्या ऑफिसात गाड्या नाई पळत," ज्योत्स्ना म्हणाली. "कार्यालयावर मोजा."

त्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं... जरा जास्तच वेळ. मग तिची फाईल उघडली. खांब, जिना, स्टेज हळूहळू फिरू लागले. मोठ्याचा चोवीस, लहान्याचा एकोणीस.

"तरी मोठंच पुढे," तो म्हणाला. ती मोठंच घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयाचा जिना अर्ध्यात अडकला. तिने दुकानात फोन केला. पंधरा मिनिटांत भूपेंद्र स्कूटरवरून हजर. डबा उघडला आणि दोघंही बघतच राहिले. कार्डाच्या पंख्यावर रुईचा पांढराशुभ्र बोळा बसला होता. शेजारी सरकी काढायची जिनिंग गिरणी, कापसाचे दिवस, उडणारी रुई खिडकीतून आत यायची आणि पंखा ती ओढून घ्यायचा; मग कार्ड तापून अडकायचं.

"हे तं गादी भरून राह्यलं," तो म्हणाला आणि दाढीच्या ब्रशने पंखा साफ करू लागला.

त्यानंतर तो रोजच येऊ लागला. ती चहा सांगायची, तो ब्रश काढायचा. कधी तो अल्लीपूरच्या शाळेचं विचारायचा, कधी ती कापडाच्या ठाणांमधल्या त्याच्या लहानपणाचं. एकदा तिच्या केसांत अडकलेली रुई काढायला त्याचा हात पुढे आला — आणि मधेच थांबला. "तिथं... कानापाशी," तो म्हणाला. तिने स्वतःच काढली. मग कितीतरी वेळ तो साफ झालेलाच पंखा साफ करत होता.

गुरुवारी मात्र साफ करून अर्धा तास होत नाही तोच पडदा पुन्हा अडखळला. ज्योत्स्नाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"परवा विश्वस्तांसमोर असंच झालं तं?"

त्याने पिशवीतून लहान कार्ड काढलं.

"हे... कधीपासून घेऊन फिरून राह्यले?"

"मंगळवारपासून."

"मंगळवारपासून? मग लावलं काऊन नाई?"

तो ब्रशकडे बघत म्हणाला, "याले पंखा नाई. पंखा नाई तं रुई नाई. आन् रुई नाई तं... मी कशाले येऊ इथं?"

तिच्या गालांवर ऊन चढल्यासारखं झालं. पण राग खरा होता. "माही नोकरी आहे ही, भूपेंद्र. तुमचा खेळ नाई."

"चुकलं माह्यं," तो म्हणाला. सबब सांगितली नाही. मुकाट्याने पुन्हा मोजणी केली. अर्धा तास मोठं, अर्धा तास लहान, आणि आकडे तिलाच लिहायला लावले. मोठं चोवीसवरून नऊवर घसरलं. लहान एकोणीसवर सुरू झालं आणि एकोणीसवरच राहिलं. लहान आत ठेवून, डबा बंद करून तो चहा न घेताच गेला.

शनिवारी कार्यालय फिरलं. जिना, स्टेज, जेवणाचा हॉल, कुठे अडकलं नाही. एका विश्वस्तांनी तर पडद्यावरच्या हॉलमध्ये किती पंगती बसतील ते बोटांवर मोजलं. जाताना निकेश सर म्हणाले, "ज्योत्स्ना, सोमवारी पक्कं पत्र घेऊन जा."

सोमवार गेला, मंगळवार गेला. कार्ड बिघडलं नाही. स्कूटरचा आवाज आला की तिचं लक्ष खिडकीकडे जायचं, आणि स्कूटर पुढे निघून जायची. राग कधीच उतरला होता. त्याच्या जागी दुपारी तीनचा एक रिकामा चहा उरला होता. शुक्रवारी तिने फोन उचलला.

"बिघडलं का?" पलीकडून घाईने प्रश्न आला.

"नाई. एकदम मस्त चालून राह्यलं."

"अच्छा..." त्याचा आवाज खाली आला. "मग?"

"रविवारी बाबा घरीच राह्यतात. तू येजो अल्लीपूरले."

ती 'तू' म्हणाली होती. ते तिलाही म्हटल्यावरच कळलं. पलीकडे कापडाचं ठाण उलगडल्याचा आवाज आला.

"कोण आलं म्हून विचारतीन ते," तो म्हणाला. "काय सांगशीन?"

"जे आहे ते सांगीन," ज्योत्स्ना म्हणाली. "मले हा आवडते, म्हणीन."