येते म्हणावं

बसा, लाइट येईलच. आमच्या चिंचवडला संध्याकाळी वीज गेली की तासाभराची निश्चिंती असते, आणि मोटार ही वस्तू उजेडातच बघून घ्यावी. अंधारात पसंत केलेल्या गाडीचे पोचे दुसऱ्या दिवशी दिसतात, मग गिऱ्हाईक मला शिव्या देतं. कंदील तुमच्याकडे सरकवतो. का विकताय, असं तुम्ही मघाशी विचारलंत. ते सांगायचं तर आधीच्या गाडीपासून सांगावं लागेल.

बासष्ट साली मी ही शेड टाकली आणि त्याच साली एक डॉज घेतली. सेकंडहँडच, पण काय गाडी होती. काळी कुळकुळीत, मागची सीट एवढी ऐसपैस की तीन माणसं मांडी घालून बसावीत. लोक म्हणायचे, अर्जुनरावांच्या शेडवर पत्रे जुने आणि दारात डॉज. म्हणोत बापडे. मला दारूचा नाद नाही, पत्त्यांचा नाही, एक गाड्यांचा होता.

गाडीवर खरा जीव मात्र शालनचा. शालन म्हणजे माझी बायको. आम्हाला मूलबाळ नाही. राहतो इथेच, शेडच्या माडीवर, आणि खाली पत्रा ठोकणारा पॉवर प्रेस चालतो. दिवसभर धाड, धाड, धाड. मांडणीवरची भांडी थरथरतात, देवांच्या तसबिरी तिरक्या होतात. मला तो आवाज गोड लागतो, कारण प्रेस चालला तर घर चालतं. शालनला त्याचा जाच व्हायचा, पण बोलून दाखवण्याचा तिचा स्वभाव नाही. दुपारची जेवणं उरकली की ती गॅरेजमध्ये जायची, डॉजच्या मागच्या सीटवर बसायची आणि काचा वर करून घ्यायची. आत आवाज जेमतेम पोचायचा. तिथं ती मटार सोलायची, मासिक वाचायची, नाहीतर नुसतीच बसून राहायची. कामगार गमतीनं म्हणायचे, बाई गावाला गेल्या. तिलाही हसू यायचं.

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल असं भडकलं की डॉज गेटाबाहेर काढणं जिवावर यायला लागलं. पुण्याला कॅम्पातल्या एका दलालाकडे ही मर्सिडीज होती. डिझेलवर चालणारी, डॉजपेक्षा कितीतरी नवं मॉडेल. जुनी देऊन नवी घ्यायची, असं ठरलं. शालनला विचारलं तर म्हणाली, "परवडत नसेल तर द्या." मला वाईट वाटलं, पण वाईट वाटून पेट्रोल स्वस्त होत नाही.

गाडी द्यायला आम्ही दोघंही गेलो. मी कागदांवर सह्या करत होतो तेव्हा ती डॉजपाशी उभी होती. मागच्या दारावर तिनं हात ठेवला, काहीतरी पुटपुटली, आणि येऊन मर्सिडीजमध्ये बसली. वाटेत एवढंच म्हणाली, "हिचा आवाज फार आहे."

या गाडीत ती दुपारी कधी बसली नाही. माडीवर जाऊन निजायला लागली. जन्मात दिवसा न झोपणारी बाई, आता जेवण झालं की आडवी व्हायची. मला पहिल्यांदा बरंच वाटलं. मग एकदा काही कामासाठी हाक मारली, तर उठेना. खांदा धरून हलवलं, तरी नाही. श्वास चालू होता, पण अंग गार. बाहेर उन्हाळा पेटलेला, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि हिचं अंग रांजणासारखं गार. उन्हं उतरल्यावर ती आपसूक उठली, केस सारखे केले आणि चहा टाकला. केसांना सडक्या कांद्याचा वास येत होता. आमच्याकडे कामाला सोजरबाई आहे, तिला मी कांद्याची टोपली बघायला सांगितलं. टोपलीतले कांदे चांगले होते.

डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. झोप मात्र रोज थोडी थोडी लांबत चालली होती.

मग एका सकाळी एक गृहस्थ आला. धोतर, टोपी, सोबत बटाट्यांचं पोतं भेट म्हणून. म्हणाला, "मी चाकणचा दत्तोबा गोरे. कांद्याबटाट्याची आडत हाय माझी. तुमची डॉज आता माज्याकडं हाय."

"काही तक्रार आहे का?"

"न्हाई, गाडी झकास. डिझेल इंजिन बसवलं, वरातीला भाड्यानं देतो." तो जरा वेळ टोपी चाचपत बसला. "तक्रार न्हाई, शेठ. पन वैनींना येवडं सांगा... यायला आमची हरकत न्हाई, गाडी त्यांचीच व्हती. फकस्त वरातीच्या टायमाला नका येऊ म्हनावं. परवा नवरी गाडीत बसंना. म्हनली, मागं बसलेल्या ह्या बाई कोन, ते आदी सांगा."

मी म्हटलं, "माझी बायको चाकणला कधीच आलेली नाही."

"दलालाला वर्नन सांगितलं, त्यानं वळखलं. दुपारच्या येत्यात. मागं बसत्यात, काचा वर करून. दार उघडलं की नसत्यात."

मला रागच आला. गाडी परत करायची म्हणून हा काहीतरी बनाव रचतोय, असं वाटलं. तेवढ्यात शालन चहा घेऊन आली. दत्तोबानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तिनं त्याला कप दिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "त्या डाव्या काचेला सुतळी कशाला बांधलीत? हँडल जरा उचलून फिरवलं की काच बसते."

दत्तोबानं बशी खाली ठेवली. शालन आत गेल्यावर मला हळूच म्हणाला, "सुतळी कालच बांदली, शेठ..."

नंतर मी शालनला विचारलं, तुला सुतळीचं कसं कळलं. ती गोंधळली. म्हणाली, "तुम्हीच सांगितलं असेल ना?"

दुसऱ्या दिवशी ती निजल्यावर मी सोजरबाईला उशाशी बसवलं आणि म्हटलं, हलायचं नाही. मर्सिडीज काढली, भोसरी, मोशी करत चाकण गाठलं. बाजाराचा दिवस नव्हता. आडतीत माणूस दिसत नव्हतं, सगळे जेवून कलंडलेले. कांद्याच्या पोत्यांची थप्पी, तिच्यामागे पत्र्याची पडवी, आणि पडवीत डॉज उभी. तोच सडका, उग्र वास. पडवीत गारवा होता आणि कुठंच काही वाजत नव्हतं.

शालन मागच्या सीटवर बसली होती. सकाळी नेसलेलं तेच हिरवं लुगडं. मांडीवर ताट, ताटात काही नाही, पण बोटं सोलल्यासारखी हलत होती. मी काचेवर बोट वाजवलं. तिनं हँडल जरा उचलून फिरवलं, काच खाली आली.

"प्रेस बंद झाला का?" तिनं विचारलं.

"शालन... घरी चल."

"इथं बरं आहे हो. आवाज येत नाही."

"चल ना. मी न्यायला आलोय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पाहुण्याकडे बघावं तसं. मग म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं... येते." आणि काच वर केली. मी दार उघडलं. सीटवर कोणी नव्हतं. हात ठेवून पाहिला, सीट ऊबदार होती. घरी निजलेल्या शालनच्या अंगात जी ऊब नव्हती, ती तिथं होती.

घरी आलो तर सोजरबाई भिंतीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला. म्हणाली, "मालक, बाई झोपेत बोलल्या. तुमी व्हा पुढं म्हनल्या. मी म्हनलं, मी कुटं जाऊ?"

त्या दिवशी शालन दिवेलागण झाल्यावर उठली. मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग विचारलं, "दलालाकडे तू गाडीला काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? निघताना म्हणतात तेच." ती थांबली. "येते म्हटलं."

आपण कुठूनही निघताना येते म्हणतो, येतो म्हणतो. ऐकणारालाही ठाऊक असतं की ही आपली रीत आहे. गाडीला कुठं ठाऊक होतं? तिला दिलेला शब्द शालन पाळत होती, एवढंच.

गाडी परत घ्यायलाही मी तयार होतो. दत्तोबा नाही म्हणाला नाही, पण लग्नसराईच्या सगळ्या वराती त्यानं घेऊन ठेवल्या होत्या. "जेठ सरू द्या, मंग न्या," म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. पण इकडे शालनला जाग यायची तोवर रात्रीची जेवणं उरकलेली असायची. एक दिवस ती उठणारच नाही, ही भीती माझ्या मनात घर करून बसली. मी प्रेसवर उभा असायचो आणि लक्ष सगळं माडीवर. बायको डोळ्यांदेखत हातची जात होती आणि मला काही करता येत नव्हतं.

शेवटी मीच म्हटलं, "येते म्हणालीस ना? मग तिथं जाऊन उलटं म्हण. जाते म्हण."

तिनं कानांवर हात ठेवले. "जाते असं म्हणत नाहीत. लहानपणी चुकून म्हटलं तर आई तोंडावर हात ठेवायची."

"एकदाच म्हण. माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच, ती जागी असताना, तिला घेऊन चाकणला गेलो. दत्तोबाची बायको सुभद्राबाई भली बाई, तिनं आम्हाला आग्रहानं पोहे खायला घातले. तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. निघताना आम्ही पडवीत गेलो. डॉज रिकामी होती, काचा वर. शालननं मागच्या दारावर हात ठेवला. ओठ दोनदा उघडले आणि मिटले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "जाते."

पाठीमागून सुभद्राबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन येत होती. तिनं ते ऐकलं, आणि कोणतीही बाई म्हणेल तेच ती म्हणाली. "अवो वैनी, जाते न्हाई म्हनू. येते म्हना."

मी शालनकडे पाहून मान हलवली. नको. तिनं ओठ घट्ट मिटले, पांढरे पडेपर्यंत. मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो, ते उघडलं नाही.

"येते," असं ऐकू आलं. शालनचाच आवाज. काचेच्या आतून.

सुभद्राबाईची नजर कोयरीत होती. "हां, आसं," म्हणाली, आणि शालनला कुंकू लावलं.

परत येताना शालन माझ्या शेजारी पुढे बसली होती. मोशीचा पूल आला, भोसरी आली. घरी गाडी उभी केली. ती उतरली, तिचं दार वाजलं. मी उतरलो, माझं वाजलं. मग मागचं वाजलं.

तेव्हा गाडीची काळजी करू नका. तिच्यातून जे उतरायचं ते त्या दिवशीच उतरलं. विकतोय एवढ्याचसाठी की शालन आता तिच्याकडे फिरकत नाही. बाकी तिची तब्येत उत्तम आहे. दुपारची झोप गेली, अंग गरम असतं. दत्तोबाचाही निरोप आला, गाडी आता रिकामी असते, वराती बिनबोभाट निघतात. मी देवापुढं साखर ठेवली. खरंच आनंद झाला होता.

फक्त शालनच्या तोंडून त्यानंतर येते हा शब्द निघत नाही. म्हणायला गेली की ओठ मिटतात. सोजरबाईकडे निघाली तरी जाते, भाजीला निघाली तरी जाते. मी दरवेळी म्हणतो, येते म्हण गं. त्यावर ती म्हणते, "ते ती म्हणते ना."

आता तुम्ही यायच्या थोडं आधी ती कोपऱ्यावर दूध आणायला गेली. उंबऱ्यातून म्हणाली, "जाते." मी सवयीनं म्हटलं, "येते म्हण." ती चपला घालून निघून गेली, काही बोलली नाही.

"येते" हे मला माडीवरून ऐकू आलं.

दूध कोपऱ्यावरच मिळतं, एवढा वेळ लागत नाही. थांबा, बोलू नका जरा... ऐकू येतंय तुम्हाला? दारात चपला वाजलेल्या नाहीत. जिना वाजतोय.