आई मागे बसली की तिसरा पडत नाही

सुधीर, लाइट येईपर्यंत बस रे. बाहेर कोहरा बघितलास ना, दोन पावलांवरचं दिसत नाही, जाऊन करणार काय? आणि ती गाडी विकतोस का, हे पुन्हा विचारू नकोस. विकायची नाही. का नाही ते सांगतो, पण हसलास तर चहा मिळणार नाही.

गाडी बाबांनी बुक केली होती. हातात आली तेव्हा बाबा नव्हते. शोरूममधला पोरगा हँडलला लिंबू-मिरची बांधायला लागला, तर आईने त्याचा हात धरला. आमच्यात ते नाही, यार. भूतखेत आम्ही मानत नाही. गाडी विहारात नेली, पंचशील म्हटलं, खीर वाटली, झालं.

खरी काळजी गाडीची नव्हतीच, आईची होती. बाबा गेल्यापासून तिचं जेवण तुटलं होतं. ताटात घास चिवडत म्हणायची, "अभय, मला आता इथं काय राहिलंय रे?" ऐकून काळीज तुटायचं माझं. डॉक्टर म्हणाले, त्यांना बाहेर न्या. म्हणून एका संध्याकाळी तिला मागे बसवून निशातगंजला सब्जी आणायला निघालो. पहिला गिअर पडला, दुसरा पडला, तिसरा काही केल्या पडेना. पाय दुखेपर्यंत लिव्हर उचलला. नुसता खट् आवाज, आणि कोरी करकरीत गाडी दुसऱ्यातच कण्हतेय.

राजेश मिस्त्रीने चालवून पाहिली, तर एकदम मक्खन. मला म्हणाला, "भैया, आप क्लच पूरा नहीं दबाते." म्हणजे माझीच चूक! त्याने क्लचचा प्ले जुळवला, ऑइल बदललं, लिव्हर खाली-वर करून पाहिला. आई बसली की पुन्हा तेच. मग म्हणाला, वजनाने चेन ताणली जाते. ती सैल केली. बायकोला, हिमानीला बसवून फिरवून आणलं. ती आईच्या दुप्पट आहे, तिला सांगू नकोस. सगळे गिअर पटापट पडले. पुन्हा आई बसली, आणि तिसरा गायब. राजेशने हात पुसले आणि हळूच म्हणाला, "निंबू-मिर्ची बाँध लो, भैया." असा भडकलो मी त्याच्यावर!

परत येताना मागे आई हसायला लागली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

"अरे, जुन्या गाडीवर तुझे बाबा मला घेऊन कधी तिसरा टाकायचेच नाहीत. मी घाबरते म्हणून. सायकलवाले पुढे निघून जायचे, पण ह्यांचा आपला दुसराच."

घरी येऊन ती पोटभर जेवली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मग रोज संध्याकाळी तिचा हट्ट. चांगली साडी नेसून, वेणी घालून तयार. मी क्लच, चेन सगळं विसरलो. मानत नसलो तरी बरं वाटायचं रे. बाबा जवळपास होते, एवढंच.

पण तिचं जेवण पुन्हा कमी झालं. मागे बसून कुजबुजत राहायची. एकदा मी "काय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "तू चालव. तुझ्याशी नाही बोलत."

त्या दिवशी आम्ही जानकीपुरमच्या पुढच्या सरळ रस्त्यावर होतो. दिवेलागणीची वेळ, आणि कोहरा असा की स्वतःचा हेडलाइट दिसेना. ओल्या धुराचा वास येत होता. मग त्यात बाबा छातीला चोळायचे त्या बामचा वास मिसळला. पाठीमागून आईचा आवाज आला, अगदी हळू.

"अहो... आता जाऊ द्या. मी नाही घाबरत..."

मला ती अहो म्हणत नाही, सुधीर.

खट्. तिसरा पडला. माझा पाय लिव्हरवर नव्हता. खट्. चौथा. मी रेस सोडली, गाडी पळतच राहिली. ब्रेक दाबला... दाबला जाईना. आई खांद्यामागे शांतपणे हसत होती. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "बाबा, आईला नका नेऊ! हात जोडतो! एकटं वाटत असेल तर माझ्याबरोबर या... रोज या... पण तिला राहू द्या!"

खट्... खट्... गाडी दुसऱ्यात आली आणि थांबली. चाकापुढे हातभर अंतरावर उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, काही नाही.

आई खूप वेळ रडली. मग तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "चल घरी. भूक लागलीय."

तेव्हापासून ती झकास जेवते. हिमानीशी भांडते, म्हणजे तब्येत ठणठणीत. तिला घेऊन चौथ्यातसुद्धा गाडी मजेत जाते. राजेश म्हणतो, इंजिन खुललं.

फक्त सकाळी मी एकटा ऑफिसला निघालो की तिसरा पडत नाही. मी जोर करत नाही. दुसऱ्यातच जातो सावकाश, घरातलं काहीबाही सांगत. उशीर होतो, होऊ दे. बाबा आहेत रे माझे.

काल हिमानीने गॅलरीतून विचारलं, "अभय, अख्खी सीट रिकामी सोडून टाकीवर काय चढून बसलायस?"

मी मागे सरकून पाहिलं, सुधीर. सरकता येत नाही.