दोन आवाजांमधलं अंतर

कूलरला लावायच्या वाळ्याच्या नव्या ताट्या घेऊन दिपाली सीताबर्डीवरून परतली तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मे महिन्याची दुपार. नागपुरात या वेळेला कुत्रीसुद्धा नालीत तोंड घालून पडून असतात. घरात कूलर बंद होता. विक्रमच्या खोलीत तिचा नवरा सुशील जमिनीवर बसला होता, भिंतीला कान लावून. सकाळचा वरण-भात ओट्यावर तसाच झाकलेला.

"कूलर काहून बंद केला?"

"ऐकू येत नाही मंग." त्याने ओठांवर बोट ठेवलं. "पोरगा बोलावून राहिला, वं..."

टक.

विक्रम, त्यांचा एकुलता एक, फेब्रुवारीत तापाने गेला. तेव्हापासून सुशीलचं मिहानमधल्या कंपनीतलं काम सुटलं, आणि हा आवाज सुरू झाल्यापासून जेवणही. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, असंच चाललं तर हेही राहणार नाहीत.

"भिंत तापते, मंग तडकते," ती म्हणाली. "दाखवतेच तुम्हाले."

दाखवायचं कसं, हे तिला ठाऊक होतं. इंजिनिअरिंगच्या पोरांना ती रँडम व्हेरिएबल, म्हणजे योगायोगाचं गणित, शिकवायची. दरवर्षी त्यांना व्हरायटी चौकात उभं करून दोन ऑटोंमधला वेळ मोजायला लावायची. निम्मी पोरं टपरीवर चहा पीत मनानेच आकडे टाकत आणि हमखास सापडत. योगायोगाला लाज नसते. तीन ऑटो एकमेकांना चिकटून येतात, मग रस्ता ओस. म्हणून कोणतं अंतर किती वेळा आलं, याचा खरा आलेख सुरुवातीलाच, लहान अंतरांपाशी, उंच असतो आणि पुढे उतरत जातो. रचणारा माणूस मात्र बेताचं अंतर ठेवतो. त्याचा आलेख मध्येच फुगतो.

ती मोबाईलवर वेळ नोंदत बसली. बंद खोलीत ताट्यांच्या वाळ्याचा वास दाटला, त्याच्याखाली औषधांचा जुना वास. भिंतीपलीकडे नुसतं तापलेलं अंगण.

टक... टक.

ऊन कलल्यावर तिने आलेख काढला. तो मध्ये फुगला होता. दोन आवाज एकदाही चिकटून आले नव्हते. लांब शांतताही कुठे नव्हती. भिंतीत कोणीतरी होतं... आणि आपण नुसती भिंत आहोत असं भासवत होतं.

"काय निघालं?" सुशीलने विचारलं.

तिने त्याच्या वर आलेल्या हाडांकडे पाहिलं.

"काही नाही. माणूस असता तर अंतर ठेवून वाजवलं असतं. भिंतीले कुठचं भान? ती एकदम तीनदा तडकते, मंग गप बसते."

"मंग हे..."

टक-टक-टक.

मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. सुशीलचे खांदे हळूहळू सैल पडले.

"तडकूनच राहिली म्हणजे," तो म्हणाला. "मी बी काय येडा, वं."

तो भिंत धरून उठला. स्वयंपाकघरात ताट वाजलं. गार भात का होईना, पण तो जेवत होता.

दिपालीने भिंतीवर तळवा टेकला. पोराने आईचं खोटं सांभाळलं होतं, बापाला वाचवलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"विकी..." ती पुटपुटली. "आता माझ्यासाठी... एकदाच..."

टक. तिच्या तळव्याखालीच, शब्द पुरा व्हायच्या आत.

ती हसली, आणि ते हसू तसंच थिजलं. विक्रमने जन्मात कधी आईचं पहिल्या सांगण्यात ऐकलं नव्हतं.