पालथा कप

दिवा बारीक करा, पाय पोटाशी घ्या. मध्ये कुणी हुंकारसुद्धा द्यायचा नाही.

ही माझ्या थोरल्या दिरांची गोष्ट. पोलिसातले नावाजलेले तपासनीस. तेव्हा निवृत्त झालेले. डिसेंबरातला सोमवार, रात्रीचे साडेअकरा. निघाले होते साध्या कामाला, भाच्याचा विसरलेला डबा पोचवायला. आईबापाविना पोर, दिरांनीच वाढवलं, हाताला धरून पोलिसात आणलं. आता तोच तपासावर होता.

एकट्या राहणाऱ्या तीन बायकांचे गळे तारेने आवळलेले. असं पूर्वी करायचा तो तारवाला. त्याला दिरांनीच पकडला होता, तो फाशीही गेला होता. लोक म्हणायचे, तारवाला परत आला.

भाचा तिसरीच्या, म्हणजे शिवणवालीच्या, दारात पहाऱ्याला एकटाच होता.

"मामा, एवढ्या थंडीत कशाला? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळ नाहीस, विसरभोळा आहेस. गिळ आधी."

डबा त्याच्या हाती देऊन दीर आत गेले. मशीनच्या सुईखाली अर्धी शिवलेली बाही. आणि खिडकीत एक कप. धुतलेला. पालथा.

दीर कपासमोर खालीच बसले.

त्यांची कामाची एक रीत होती. हाताखालच्या प्रत्येकाला विश्वासात घेऊन एकेक खोटी खूण सांगायची, प्रत्येकाला वेगळी. बातमी फुटली की कुणाच्या तोंडून फुटली ते कळतं. भाच्याला सांगितलं होतं, "तारवाला खून करून कप धुतो, पालथा घालतो." ते फक्त भाच्यालाच. तारवाल्याने कधी कपाला हातही लावला नव्हता. पण मामा म्हणाले म्हणजे पोराला ती काळ्या दगडावरची रेघ.

"नाही," दीर स्वतःशीच पुटपुटले. "कुणाजवळ बोलून गेला असेल. लेकरू आहे माझं..."

कानाशी गार श्वास लागला.

"साहेब... मी कप कधी धुतला?"

तो आवाज त्यांच्या ओळखीचा. फाशीच्या पहाटे त्याच आवाजाने चहा मागितला होता. अर्धाच प्यायला, म्हणाला, उरलेला राहू द्या.

दीर वळले. कुणी नाही.

दारात भाचा. एक हात खिशात.

"कुणाशी बोलताय, मामा?"

"तो कप..."

भाच्याने कपाकडे पाहिलं. मग मामांकडे. शाळेत विचारायचा तसंच विचारलं,

"चुकलं का काही?"

...

"का रे, बाळा?"

"तारवाल्याने तुम्हाला मोठं केलं. मी मरेपर्यंत मामाचा भाचाच. माझा तारवाला मला कोण देणार होतं?"

खिशातून तार निघाली.

दीर उठले नाहीत. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जेवलास का?"

दिवा गेला.

काळोख.

घोट गिळल्याचा आवाज आला. एक.

मग... काही नाही.

दिवे आले तेव्हा भाचा जमिनीवर पडलेला. जिवंत होता. त्याच्याच गळ्याभोवती निळी रेघ, तार मात्र हातातच. उजाडल्यावर घोगऱ्या आवाजात त्याने आपणहून सगळं कबूल केलं. दिरांनी त्याला बोटही लावलं नव्हतं. डब्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

आणि खिडकीतला कप सुलटा होता. तळाशी चहाचा गाळ.

दिरांनी हात लावून पाहिला.

कोमट.