कोंबडाछाप घर, ताराछाप पोरगा

फ्लोराबेलने फोन टेबलावर आपटला तसा नेमेसियोच्या चिमट्यातला स्क्रू उडाला आणि शेजारच्या सुक्या मासळीच्या टोपलीत जाऊन पडला.

"हा घ्या तुमचा फोन!"

"माझा?" त्याने मान वर केली. "बाई, मी तुम्हालाच आज पहिल्यांदा बघतोय."

"दुरुस्तीवाले तुम्हीच ना? मग बिघडलेला फोन तुमचाच."

तिच्या छत्रीचं पाणी थेट त्याच्या वहीवर टपकत होतं, आणि हा शहाणा वही उचलायची सोडून तिच्या गालाला चिकटलेल्या ओल्या बटेकडे बघत बसला होता. बाजारातल्या सगळ्या बायकांनी हे पाहिलं. गिमारास बेटावर बायकांना दुसरी कामं नसतात असं नाही, पण आधी हे काम.

फोन नवाकोरा होता. दोहाला कामाला असलेल्या मावशीने दरवर्षीच्या खोक्यातून पाठवलेला. खोक्यात साबण, डबाबंद मटण, या उकाड्यात कुणी घालणार नाही असा लोकरीचा स्वेटर, आणि चोराच्या नजरेस पडू नये म्हणून पायमोज्यात गुंडाळलेला फोन.

"हे बघा," फ्लोराबेलने बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, घरच्या वायफायवरून फोन लावा. बटण आहे. महिनाभर दाबतेय. ढिम्म! बोलायचं म्हटलं की मला अजून डोंगर चढावा लागतो."

"सिम कुठलं?"

"कोंबडाछाप. दुसरं कुठलं असणार?"

खरंच, दुसरं कुठलं असणार! सांता इनेस गावातलं एकुलतं एक दुकान तिची आई ओसांग चालवायची, आणि तिच्याकडे रिचार्ज मिळायचा तो फक्त कोंबडाछाप कंपनीचा. बदल्यात कंपनीने तिचं घर फुकट रंगवून दिलं होतं. समोरच्या भिंतीवर दोन पुरुष उंचीचा लाल कोंबडा! नावाडी समुद्रातून त्याच्यावरून किनारा ओळखायचे. ओसांगला त्याचा इतका अभिमान, की ती दर शनिवारी शिडी लावून त्याचा तुरा साबणाने धुवायची. नवऱ्याचं डोकं तिने कधी इतक्या प्रेमाने धुतलं नव्हतं.

"मग फोन बिघडलेला नाही," नेमेसियो म्हणाला. "फोनला हे येतं. तुमच्या कंपनीकडे ही सोयच नाही. ताराछापकडे आहे."

"नाही, तर मग फोनात घातलीच कशाला? आम्हाला चिडवायला?"

"फोन बनवणाऱ्याला काय ठाऊक, तो कुणाच्या हातात पडणार? दोहात पडेल, जपानात पडेल, नाहीतर..." तो जरा घुटमळला, "...इतक्या रागीट हातात पडेल. गावागणिक, कंपनीगणिक वेगळा फोन करत बसला तर म्हातारा होईल बिचारा. म्हणून तो सगळ्याच सोयी भरून ठेवतो. ज्या कंपनीकडे जे असेल तेवढं जागं होतं. बाकीचं झोपून राहतं."

"झोपलेल्याचे पैसे आमच्याकडून का?"

"कारण उद्या तुमच्या कोंबड्याने ही सोय सुरू केली, तर? फोन तुम्ही चार-पाच वर्षं वापरणार. ते मागाहून आत घालता येत नाही. तुमच्याकडे फिएस्ताच्या जत्रेला किती पाहुणे येणार, आधी ठाऊक असतं का?"

"छे! दार उघडं असतं. कुणीही येतं. ओळखीचे, बिनओळखीचे..."

"आणि ताटं?"

"सगळी काढून ठेवतो."

"मग? त्यानेही काढून ठेवलीत."

फ्लोराबेलने ओठ घट्ट मिटले. हसू बाहेर पडू द्यायचं नव्हतं. ते नाकातून पडलं.

"ताराछापचं सिम फुकट आहे," तो हळूच म्हणाला. "फोनात दुसरी जागा रिकामी आहे."

"दुसरं सिम? अहो, आमच्या गावात दुसरं सिम म्हणजे दुसरा माणूस!"

"पहिला आहे का?"

"काय?"

"पहिला... माणूस."

"नाही!" तिने छत्री उचलली, मान ताठ केली आणि ती चालू पडली. दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं, फोन टेबलावरच राहिला. परत यावं लागलं. तेवढ्यात त्या पठ्ठ्याने सिम घालूनही ठेवलं होतं.

"चार वाजता एकदा लावून बघतो," तो म्हणाला. "नुसतं तपासायला."

दुसऱ्या सिमबद्दल ती काही खोटं बोलली नव्हती. त्या बेटांवर एकाच कंपनीच्या दोन नंबरांना आपसात फुकट बोलता येतं, म्हणून प्रेमात पडलेली पोरं-पोरी आधी सिम बदलतात, मग कपडे नीटनेटके करायला लागतात. मुलीने मुलाच्या कंपनीचं सिम घेतलं की शेजारीण लग्नाची तारीख विचारायला येते.

आणि बोलणार कुठे? सांता इनेसच्या मागे डोंगर. घराघरांत रेंजचं नाव नाही. फक्त डोंगरावरच्या जुन्या आंब्याखाली कोंबडाछाप नीट लागायचा. तिथे संध्याकाळी अख्खं गाव उभं! कुणाचा मुलगा मनिलात नापास झाला, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं सगळ्यांना ऐकू. झाडाखाली आजवर कुणी 'तू मला आवडतेस' म्हणालं नव्हतं. कोण म्हणेल? बाराजण एकदम "काय म्हणाली? काय म्हणाली?" विचारायला टपलेले.

चार वाजता स्वयंपाकघरात फोन वाजला. दुकानातल्या नाणं टाकून चालणाऱ्या वायफायच्या पेटीत फ्लोराबेलने स्वतःच पाच पेसोचं नाणं टाकलं होतं. ती तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन बसली.

"येतोय का आवाज?"

"येतोय."

"स्वच्छ?"

"अगदी... कानात बोलल्यासारखा."

पाच पेसो संपेपर्यंत फोन कुणी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तपासलं. तिसऱ्या दिवशीही. बिघाड नसलेला फोन इतक्या काळजीने तपासणारा मिस्त्री त्या बेटावर आजवर झाला नसेल. तो आईच्या हातच्या चिंचेच्या कालवणाबद्दल सांगायचा. 'नेमेसियो' हे पणजोबांचं नाव गळ्यात पडल्यामुळे शाळेत किती मार खाल्ला तेही सांगायचा. ती म्हणायची, "नाव ऐकून मला वाटलं, सत्तरीचा कुणी असेल. दात तरी आहेत ना?" तो म्हणायचा, "येऊन मोजा."

एक दिवस मात्र त्याचा आवाज पडलेला होता.

"ताराछाप कंपनीने मला फिएस्तापर्यंत मुदत दिलीय. तीस सिम खपवायची. नाहीतर ही जागा बंद आणि मी दूर पलावान बेटावर."

"किती खपली?"

"तीन. एक माझं. एक पाद्रीबाबांनी दया येऊन घेतलं. एक... पोत्यांमागे आहे."

फ्लोराबेलला 'जाऊ नका' म्हणायचं होतं. पण तोंडाला सवय वाईट. ती म्हणाली, "पलावानला मासळी छान मिळते म्हणे."

त्याच आठवड्यात ती विहिरीवर गेली असताना फोन वाजला. दहा वर्षांत ओसांगने त्या घराच्या आत कधी फोन वाजलेला ऐकला नव्हता. तिने आधी क्रूसाची खूण केली. मग आवाजाचा माग काढत पोत्यांमागे गेली आणि कुठलंतरी बटण दाबून फोन कानाला लावला.

"काल तू बोलली नाहीस," नेमेसियो सुरू झाला, "मी आपला खिडकीत बसून होतो, जेवलोसुद्धा नाही. भात समोर गार झाला आणि मी..."

ओसांगने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"रागावलीस का?"

"छे, छे," ओसांग म्हणाली. "बोल ना बाळा. भात गार झाला. मग?"

पलीकडे काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

"उद्या ये," ओसांग म्हणाली. "फाटकातून. पोत्यांमागून नको."

तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फणसाची फोड. ओसांगने त्याला अंगणात, थेट कोंबड्याच्या पायाशी उभं केलं.

"माझ्या घरात दुसऱ्या कंपनीचं सिम घातलंस?"

"हो, मानांग," तो म्हणाला. थोरल्या बाईला तिथे असंच म्हणतात.

"या भिंतीकडे बघून लाज नाही वाटली?"

"वाटली. पण मानांग, हा कोंबडा तुमच्या घरात आरवतच नाही. बाहेरच उभा आहे नुसता."

फ्लोराबेल दाराआड होती. तिला ठसका लागला. ओसांगने मान वळवली, आत जाऊन फोन आणला, केसातली पिन काढून तिने ते सिम उपटलं आणि मिरच्या घातलेल्या व्हिनेगरच्या बरणीत टाकलं. बुडाला जाताना ते एका लसणाच्या पाकळीवर जरा टेकलं.

"आता तपास," ती म्हणाली आणि दुकानात निघून गेली.

अंगणात दोघंच उरली. नेमेसियोने फणसाची फोड या हातातून त्या हातात घेतली.

"तीस काही होत नाहीत," तो म्हणाला. "कंपनीचं टेबल, पाटी, सिम सगळं परत करायचंय. पण मी... मी आपल्या हिमतीवरही इथे फोन दुरुस्त करू शकतो. कुणी म्हटलं तर. राहू का?"

आता एका शब्दाचं काम होतं. एका! पण खिडकीत आई होती, कुंपणापलीकडे शेजारीण कधीच्या वाळलेल्या कपड्यांना हात लावत उभी होती, आणि फ्लोराबेलचं नाक आईवर गेलेलं.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "बेट काय माझ्या मालकीचं आहे?"

तो मान हलवून निघून गेला. फणस तेवढा पायरीवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसांगने तिच्यापुढे एक चिठ्ठी टाकली.

"सकाळी देऊन गेला. फेकणार होते. पण दुसऱ्याची चिठ्ठी मी दाबत नाही." मग नाक उडवून, "त्याचा स्वतःचा जुना नंबर आहे. कोंबडाछाप निघाला! तेवढी तरी अक्कल आहे."

"तो... गेला?"

"अडीचच्या होडीने. आणि हे बघ, माझ्या कालवणात मीठ दोनदा टाकलंयस. पोरगा आवडतो तर त्याला सांग, माझ्या मासळीला कशाला सांगतेस?"

घड्याळात दोन पस्तीस झाले होते.

फ्लोराबेल अनवाणीच पळाली. डोंगराच्या वाटेवर चिखल, पिंडऱ्यांना काटे. आंब्याखाली नेहमीसारखी गर्दी होती. खाली सामुद्रधुनीत पांढरी मोटारहोडी पलीकडच्या इलोइलो शहराकडे निघालेली, नखाएवढी दिसत होती. तिने नंबर लावला.

"हॅलो?" मागे इंजिनाची फटफट.

"मी... फ्लोराबेल."

"झाडाखाली?"

"झाडाखाली."

आजूबाजूचे आवाज एकेक करून बंद झाले. म्हातारा पिदोंग मनिलातल्या लेकाला म्हणाला, "तू ठेव रे, नंतर करतो. इथं काहीतरी चाललंय."

"काल तुम्ही विचारलंत," ती म्हणाली. "राहू का म्हणून."

"हो."

"ते पुन्हा विचारा."

फटफट, फटफट. मग अगदी हळू, "राहू का?"

तिने मान वळवली. सगळं गाव. कुणी पापणीही हलवत नव्हतं. शेजारीण कपडे वाळत टाकायची दोरी हातात घेऊनच वर आली होती.

"राहा," ती पुटपुटली.

"काय? इंजिनामुळे..."

"राहा म्हणतेय, राहा! मला तुम्ही आवडता! तीस सिम खपोत नाहीतर खड्ड्यात जावोत! पलावानला जाऊ नका!"

"किती जण ऐकताहेत?"

"सगळे!"

"मग पुन्हा एकदा म्हण."

"मेल्या, ऐकू आलं होतं ना तुला?"

"पहिल्यांदाच आलं. तेव्हा कळलं, किती छान वाटतं."

तेवढ्यात ओसांग धापा टाकत वर पोहोचली. सहा वर्षांत ती हा डोंगर चढली नव्हती. तिने पोरीच्या हातातून फोन ओढून घेतला.

"नेमेसियो, होडी वळव."

"मानांग, होडीत चौदा माणसं आहेत. आणि एक डुक्कर."

"नावाड्याला दे." तिने श्वास घेतला. "बेन्होर? ओसांग बोलतेय. चर्चमध्ये तुझ्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा तू ज्या धर्ममातेच्या मांडीवर बोंबलत होतास, ती. वळव!"

फोनमधून चौदा माणसांची बोंबाबोंब आणि डुकराचं किंचाळणं आलं. मग खाली, निळ्या पाण्यावर, त्या नखाएवढ्या होडीने एक मोठा पांढरा बाक घेतला.

ओसांगने फोन पोरीच्या हातात परत दिला आणि खांद्यावरचा पंचा झटकला.

"घे, बोल आता. कुणी ऐकत नाही."

झाडाखालचं एकही माणूस जागचं हललं नाही.

फ्लोराबेलने त्यांच्याकडे पाठ केली, तोंडाशी हात धरला आणि फोनमध्ये काहीतरी म्हणाली. इतकं हळू, की सांता इनेसच्या त्या आंब्याखाली पहिल्यांदाच कुणाला काही ऐकू आलं नाही. ती काय म्हणाली असेल, यावर गावात अजून भांडणं होतात.