कडीवरचं ओलं फडकं

तपासनीस बाईंच्या सुनेला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. घरात रात्रंदिवस रडारड. त्यातून सुटायला बाई आणि त्यांचे धाकटे दीर तपासाच्या मिळेल त्या कामाला बाहेर पडत.

एका दुपारी ते सुतारखान्यात पोचले, तर मालक दारातच तणतणला. "जेवून आलो, तर नव्या कपाटावर भुसा! पॉलिशवाल्याचंच काम. त्याला डावलून जावयाला मुकादम केलं, त्याचा सूड. कपाटाशेजारी गुडघे टेकून देवाला आळवायचं आणि मागून हे धंदे. हाकललं त्याला."

पॉलिशच्या खोलीची खिडकी दुधी काचेची. एकुलतं दार करवतीच्या बाजूला. कपाटाची दाराकडची बाजू भुशानं खरखरीत, मागची स्वच्छ.

"मुद्दाम उधळलाय, वहिनी," दीर म्हणाले.

करवतवाला म्हणाला, "पॉलिशवाल्यानं कडीला ओलं फडकं लावलं, म्हणजे आत पॉलिश ओलं; मग दार कुणी उघडत नाही. आजही होतं. माझी करवत चालू, पाठ दाराकडे. मुकादम लाकूड आणायला गेलेला."

पॉलिशवाला फाटकापाशी आपला डबा घेऊन उभा होता.

"राग आला असेल," बाई म्हणाल्या.

"आला ना. रोज जेवणाआधी मागच्या अंगणात प्रार्थना करतो. आज ओलं पॉलिश सोडून जाता येईना, म्हणून पहिल्यांदाच खोलीत गुडघे टेकले. म्हटलं, प्रभू, मन कडवट झालंय, काम बिघडू देऊ नकोस. डोळे उघडले, तर दार उघडं."

"कुणी उघडलं?"

"संशय आहे. पण पाहिलं नाही, ते बोलणार नाही."

बाईंनी सगळ्यांना कपाटापाशी बोलावलं.

"हातानं उधळलेला भुसा ढिगानं पडतो. हा उडून आलाय, उघड्या दारातून. फडकं लावणारा स्वतःच दार कशाला उघडेल? करवतवाला करवतीवर, मुकादम बाहेर. मालक, तुम्ही म्हणता जेवून आलात. मग याला कपाटाशेजारी गुडघे टेकलेलं कधी पाहिलंत? इथं तो फक्त आज बसला, जेवणाआधी. दार उघडल्याशिवाय ते दिसत नाही."



मालक फळीवर बसला. "मीच डावललं होतं त्याला. वाटलं, आता अंग चोरणार. बघायला गेलो. करवत चालू आहे, दार लावायला हवं, याचं भानच राहिलं नाही." मग मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं. कामावर ये."

"आज वाळू द्या," पॉलिशवाला म्हणाला. "उद्या घासून पुन्हा हात मारतो."

मुकादमकी त्याला मिळाली नाही. कामात त्यानं कसूर केली नाही. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी पहाटे पॉलिशवाला घरी झोपेतच वारला.